पायलीभर दुःख

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आज आपण ढिलेपणाने वापरतो. कामाला हात घातला की पुढचे आपोआप जमते, एवढाच अर्थ तिच्यात उरला आहे. ज्या बायकांनी ती घडवली त्यांच्यासाठी मात्र ही उपमा नव्हती, रोजच्या अनुभवाचे ते सरळ निवेदन होते. पहाटे खुंटा हातात धरला, पहिली वैरण घातली, वरचा दगड फिरू लागला की दिवसभर ओठांवर न येणारी गोष्ट शब्दांत येऊ लागे. यातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी हात, मग श्वास, मग सूर आणि सगळ्यांत शेवटी शब्द. मनातल्या अवघड भावनेकडे आज आपण नेमके उलट्या बाजूने जातो. आपल्याला काय होते आहे हे आधी स्पष्ट सांगता यावे, मग त्याचे काय करायचे ते पाहू, अशी आपली समजूत असते, आणि ते सांगता येत नाही म्हणून माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात. जात्यावरच्या ओवीकडे श्रम हलके करणारे गाणे म्हणून पाहिले जाते, नाहीतर कोंडलेल्या मनाची वाफ सोडणारी झडप म्हणून. माझे म्हणणे असे की ती या दोन्हींपेक्षा अधिक काही होती. राग, हेवा, विरह, मूल गेल्याचे दुःख, टाकलेपणाची सल यांच्यासमोर रोज ठरल्या वेळी बसायचे, त्यांना माप घालायचे आणि उठून दिवसाला लागायचे, ही पिढ्यान्‌पिढ्या हाताने हाताला शिकवलेली रीत होती.

ही रीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती, घोडे, रत्ने, स्वयंपाक अशा राजाला माहीत असाव्यात त्या सगळ्या गोष्टींचा त्यात परामर्श आहे. त्याच्या संगीताच्या भागात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद येते. कांडण म्हणजे उखळ-मुसळाचे काम. पण दळण काय, कांडण काय, दोन्ही एकाच घरातली, एकाच बाईच्या वाट्याची, एकाच ठेक्यावर चालणारी कामे. म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर बोलायला ओवी निवडली, तेव्हा निदान दीडशे वर्षे तो छंद बायकांच्या तोंडी रुळलेला होता. मराठीतले सर्वांत खोल तत्त्वचिंतन ज्या साच्यात उतरले तो साचा उखळ-जात्याजवळचा होता, हे आपण म्हणतो, पण त्याचा पुरेसा विचार करत नाही. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळायला बसते आणि विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो, ही कथा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून जाते आजही दाखवतात. या कथेतला देव काय करत नाही, तेही पाहायला हवे. तो दळण नाहीसे करत नाही, पीठ आयते आणून देत नाही, जनीला दासीपणातून सोडवत नाही. तो तिच्या समोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. दुःखातल्या माणसाला काय हवे असते याविषयी त्या काळच्या बायकांना, आणि त्यांच्यात वाढलेल्या संतांना, जे कळले होते ते या चित्रात आहे.

जात्याची जागा आणि वेळ यांचाही यात मोठा वाटा होता. ज्वारी-बाजरीचे पीठ साठवून ठेवायचे नसते, ते लवकर कडवट होते, म्हणून दळण जवळजवळ रोजचे. घरात माणसे जास्त तितके दळण जास्त आणि उठणे तितके लवकर. कोंबडा आरवण्याआधी, बाप्ये झोपलेले असताना, बहुधा दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात किंवा अंधारातच हे काम चाले. दगडावर दगड फिरण्याची घरघर इतकी की समोरच्या बाईला ऐकू येईल पण ओसरीवर नेमके शब्द पोहोचणार नाहीत. नवऱ्याचे नाव घ्यायलाही जिथे उखाण्याचा आडोसा लागे, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसे, तिथे चोवीस तासांत हा एकच काळ असा होता की सुनेला आवाज होता आणि त्या आवाजाला काम करत असल्याचे संरक्षणही होते. ‘काय बोलत बसलीस’ असे तिला कुणी विचारू शकत नव्हते, कारण ती बसलेली नव्हती, दळत होती. जोडीने दळायचे तर समोर जाऊ असे, नणंद असे, शेजारीण असे, कधी सासूच असे. जिच्याविषयी तक्रार आहे तीच समोर बसून खुंटा ओढते आहे, हा प्रसंग किती वेळा घडला असेल याची कल्पना करून पाहावी. त्या दोघींना एका लयीत हात फिरवावाच लागे. एकीने झटका दिला तर दुसरीच्या मनगटाला बसणार. राग असला तरी हाताला रागावता येत नाही, ही त्या दगडाची पहिली शिकवण.

दुसरी शिकवण मापाची. दळणाला बसण्याआधी धान्य मोजून सुपात घेतलेले असे, पायली, अधोली, शेर, जे काय त्या घरचे माप असेल ते. ते सरेपर्यंत गायचे आणि सरले की उठायचे. दुःखाला असे माप मिळणे ही लहान गोष्ट नाही. शोकात बुडालेल्या माणसाला सर्वांत भयंकर वाटते ते हे की याला अंत नाही. जात्यावर मात्र आजच्या दळणापुरता अंत सुपात समोर दिसत असे. दाणे कमी होत जात, पिठाचा ढीग वाढत जाई, आणि सगळे सांगून झालेले नसले तरी आजची बैठक संपे. उरलेले उद्या. ओवीचा घाटही असाच आखूड. दोन ओळी, फार तर चार लहान चरण, शेवटी यमक, की एक मणी ओवून झाला. ओवी हा शब्दच आपण ‘ओवणे’ या क्रियेशी जोडतो. एका मण्यात अख्खे आयुष्य सांगायचे नसते. एका ओवीत एकच गोष्ट मावते: भाऊ दिवाळीला आला नाही, किंवा आईची आठवण चुलीपाशी आली, किंवा गावात माझ्याविषयी बोलले गेले. मोठे, आकार नसलेले दुःख असे बोटांच्या चिमटीत धरता येईल एवढ्या तुकड्यांत येई.

या ओवण्याला क्रम होता आणि तो सुरुवातीपासून ठरलेला होता. पहिली ओवी देवाला, दुसरी-तिसरीही देवांना, तुळशीला, पंढरीला, मग आई-बापांना, मग भावाला, आणि कुठेतरी या माळेत आपला सासुरवास येई. सुरुवातच तक्रारीने होत नसे. मन आधी ओळखीच्या, भरवशाच्या जागांवरून फिरून येई आणि मग ठणकणाऱ्या जागेला हात लावी. शेवटालाही रीत होती. दळण सरत आले की ‘सरले’ म्हणायचे नाही, असा संकेत शेवटच्या ओव्यांत पुन्हापुन्हा भेटतो. सरणे अशुभ, म्हणून सुपात आणखी आहे, सासर-माहेर भरलेले आहे, असे म्हणून देवाचे नाव घेऊन उठायचे. ज्या सासरविषयी आत्ताच कडू बोलणे झाले त्याच सासरला भरभराट चिंतून खुंटा सोडायचा. याला कुणी ढोंग म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. एकाच घराविषयी राग आणि आस्था दोन्ही खऱ्या असतात, आणि एकीला खोटे ठरवल्याशिवाय दुसरी बोलता येत नाही असा आग्रह त्या बायकांनी धरला नाही.

आता एक आक्षेप. अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की या ओव्या साचेबंद आहेत. तीच विशेषणे, तेच मुराळी भाऊ, तीच वाट पाहणारी बहीण, त्याच सवती. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये जमवलेल्या ओव्या, सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या मालेत छापलेल्या, आणि नंतरच्या काळात गावोगावी टिपलेल्या, सगळ्यांत एकमेकींच्या सावल्या दिसतात. मग यात बाईची स्वतःची भावना कुठे आली? पाठ केलेले म्हणणे म्हणजे भावनेला सामोरे जाणे का? हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याच्या मुळाशी एक आधुनिक गृहीत आहे: भावना खरी असेल तर तिचे शब्दही प्रत्येकाचे स्वतःचे, पूर्वी कुणी न वापरलेले असले पाहिजेत. ज्याच्यावर आघात झाला आहे त्याच्याकडे नेमके तेच शब्द नसतात. चौदाव्या वर्षी परक्या घरी आलेल्या मुलीला आपल्याला काय होते आहे हे सांगायची भाषा कुठून यावी? ती तिला समोरच्या बाईच्या तोंडून तयार मिळे. ‘हे तुला एकटीला होत नाही, याला आधीपासून नाव आहे’ हे वेगळे सांगावे लागत नसे, ओवीच्या साच्यातच ते सांगितलेले असे. आणि साचा पोकळ असतो म्हणूनच त्यात भरता येते. गावाचे नाव बदलायचे, भावाच्या जागी आपल्या भावाचे नाव घालायचे, एखादा शब्द फिरवायचा, आणि उसनी ओवी आपली व्हायची. लेकीचे लग्न झाल्यावर आईने म्हणायची ओवी आणि लेकीने म्हणायची ओवी कित्येकदा एका-दोन शब्दांनीच वेगळी असते. आयुष्यभरात एकच बाई तिच्या दोन्ही बाजूंनी बसून जाते.

साच्याचा दुसरा उपयोग आडपडद्याचा. या ओव्यांत सीता फार येते, आणि ती सीता ग्रंथांतल्यापेक्षा वेगळी आहे. कैकेयी तिची छळणारी सासू आहे, राम तिला वनात धाडणारा नवरा आहे, आणि तिचा वनवास हा राजकन्येचा नसून गावातल्या कुठल्याही सुनेचा आहे. माझ्या सासूने मला छळले असे म्हणणे उघड बंड ठरले असते. सीतेला कैकेयीने छळले असे म्हणणे पुण्याचे काम होते. समोरची समजायची ते समजत असे. पण हा पडदा फक्त भीतीपोटी होता असे मानले तर त्याचे अर्धेच काम दिसेल. आपली जखम थेट पाहणे असह्य असते, तीच दुसऱ्याच्या अंगावर पाहता येते. सीतेविषयी वाटलेली कणव वळून स्वतःकडे येते, आणि स्वतःविषयी कणव वाटू देण्याची ज्यांना कधी परवानगीच नव्हती अशा बायकांसाठी ही वाट फार मोलाची होती.

‘वाफ बाहेर सोडणारी झडप’ ही उपमा वर येऊन गेली, तिच्याशी मला थोडा वाद घालायचा आहे. मन म्हणजे कोंडलेल्या वाफेचे भांडे आणि भावना बाहेर टाकली की माणूस मोकळा होतो, ही कल्पना वाफेच्या इंजिनांच्या शतकातली. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादाविषयीचा आपला ग्रंथ काढला, आणि त्यातून दडपलेली भावना बाहेर काढण्याच्या उपचाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली. पुढे ती इतकी रुजली की रागाने उशी बडवा म्हणजे राग ओसरेल, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे तपासले. ज्या विद्यार्थ्यांना राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, त्यांचा राग नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. राग ओकल्याने सरत नाही, त्याची तालीम होते. याउलट १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला लावले. लिहून झाल्यावर त्यांना लगेच बरे वाटले नाही, उलट मन अधिक जड झाले. पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. ठरलेला काळ, ठरलेली वेळ, अनुभवाला शब्दांत बांधण्याचे कष्ट. या प्रयोगांनी ओवीला प्रमाणपत्र मिळते असे मला म्हणायचे नाही, तिला त्याची गरज नाही. म्हणायचे एवढेच की ओकणे आणि ओवणे यांत फरक आहे, आणि जाते हे दुसऱ्या जातीचे होते.

इथे जाणता वाचक विचारील की रोज पहाटे तेच दुःख गाणे हीसुद्धा तालीमच नव्हे का? एकाच विचाराभोवती घुटमळत राहिल्याने उदासी वाढते, हेही मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. प्रश्न रास्त आहे, आणि एकटीने दळणाऱ्या, कुणीच समोर नसलेल्या बाईच्या बाबतीत ओवी हे नुसते घुटमळणे झाले असेल अशी शक्यता मी नाकारत नाही. पण रीतीच्या रचनेतच त्यावर उतारा होता. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती झेलायची आणि पुढची जोडायची. तुझ्या सासुरवासाला तिच्या भावाची ओवी लागे, तिच्या विरहाला तुझी तुळस. घुटमळणारे मन एकाच जागी फिरते. इथे दगड एकाच जागी फिरत असे, पण माळ पुढे सरकत असे. शिवाय लय शरीराला गुंतवून ठेवी. दोन्ही हातांनी ओढायचे, वैरण घालताना एका हाताने सांभाळायचे, श्वासाला ओळ पुरवायची. नुसते बसून काळजी करण्यात आणि श्वास मोजून गाण्यात जे अंतर आहे ते अंगमेहनत करणाऱ्या कुणालाही समजेल. बाप्यांनाही ते माहीत होते, मोटेवरची गाणी आणि सुगीतली भलरी त्यातूनच आली. मात्र घरातल्या दुःखाविषयी पुरुषांना एवढे मोकळे आणि एवढे बारीक बोलायची जागा या गाण्यांनी दिली नाही, आणि त्याची किंमत मराठी पुरुष अजून मोजतो आहे असे मला वाटते.

सर्वांत कठीण आक्षेप स्त्रीमुक्तीच्या बाजूने येतो आणि तो मला मनापासून मान्य करूनच पुढे जायचे आहे. दळण हे कष्ट होते, सक्तीचे होते, खांदे आणि कंबर मोडणारे होते. गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तो योग्यच होता. जात्याचे गोडवे गाणे ज्यांनी कधी भल्या पहाटे ते ओढले नाही त्यांना सोपे जाते. त्याहून खोल आक्षेप असा की ओवीने दुःख सोसण्याजोगे केले, आणि सोसण्याजोगे केले म्हणूनच ते टिकले. कुळाचे नाव राख, उलट बोलू नकोस, सोस, असे लेकीला बजावणाऱ्या ओव्याही भरपूर आहेत. त्या झाकून फक्त बंडखोर ओव्या निवडून दाखवणे हा त्या बायकांवर आणखी एक अन्याय होईल. पण भावनेला सामोरे जाणे आणि अन्याय दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरी आपोआप होत नाही, तशी ती अडतही नाही. उलट पुरावा असा की ज्या बायकांना आपले दुःख नाव घेऊन सांगता येत होते त्यांना त्याच्या कारणाकडे बोट दाखवणेही जमले. ताराबाई भवाळकरांनी लोकसाहित्यातल्या या आवाजाला स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर म्हटले ते उगाच नाही. मुळशीच्या डोंगराळ भागात १९८० च्या दशकात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थिरावलेले गी पॉइटवँ यांना या ओव्यांचे महत्त्व उमगले, कारण बैठकीत गप्प बसणाऱ्या बायका ओवीतून आपल्या स्थितीविषयी नेमके बोलत होत्या. आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या तर बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या आहेत. ज्या साच्यात पहिली ओवी देवाला जायची त्याच साच्यात तिथल्या दलित बायकांनी भीमाला बसवले. साचा तोच, अपमानाची जागा अभिमानाने घेतलेली. सोसायलाच शिकवणारी रीत असती तर तिच्यात हे मावले नसते.

बहिणाबाई चौधरी याच रीतीच्या टोकाशी उभ्या आहेत. जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्म, अक्षरओळख नाही, तरुणपणीच वैधव्य आणि पदरात लहान मुले. त्यांनी आपली गाणी शेतात, घरात, घरोटावर, म्हणजे खानदेशी बोलीतल्या जात्यावर, म्हटली. ती लिहून ठेवली मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी, आणि छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बहिणाबाईंना आपण प्रतिभेचा चमत्कार म्हणून वेगळे काढतो. प्रतिभा होतीच, तिला तोड नाही. पण वैधव्याकडे आणि मनाच्या ओढाळपणाकडे इतक्या स्थिर नजरेने पाहण्याचे वळण त्यांनी एकटीने शोधून काढले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनाम बायकांनी ते आधी घडवून ठेवले होते. कपाळावरचे कुंकू गेल्यावर लोक कशा नजरेने पाहतात, हे बोलायला शहरातल्या शिकलेल्या बाईला त्या काळात कादंबरीचा आडोसा घ्यावा लागला असता. बहिणाबाईंना घरोट पुरला.

गिरण्या आधी शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आल्या, मग तेलाच्या इंजिनावर आणि विजेवर खेड्यांत पोहोचल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका पिढीच्या आत रोजचे दळण घरातून गेले. डोक्यावर डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहणे आले. रांगेतही बायका बोलत, सुखदुःख सांगत. पण तिथे पट्ट्याचा कडकडाट होता, गिरणीवाला होता, दिवसाचा उजेड होता, आणि हातांना काम नव्हते. वेळ वाचला, आणि तो बहुतेक दुसऱ्या कामांनी खाल्ला. ओवी गेली ती कुणी बंद केली म्हणून नव्हे. तिला बसायला जागा राहिली नाही. पहाटेचा तो एक तुकडा घराच्या दिनक्रमातून निघून गेला आणि त्याच्या जागी मनासाठी राखलेला दुसरा तुकडा कुणी घातला नाही. लग्नघरी अजून मुहूर्ताचे जाते मांडतात, त्याला हळकुंड-सुपारी बांधतात, सुवासिनी मिळून हळद दळतात. ही गाणी आनंदाची आणि आशीर्वादाची. रोजच्या दळणातली कडू माळ त्यांत नसते, असायचे कारणही नाही.

राईरकर-पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक गायिकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यांतल्या कित्येकांचे आवाजही जतन झाले, आणि २०१७ पासून ते ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. एवढा मोठा ठेवा सामान्य बायकांच्या भावजीवनाविषयी आपल्या हाती आहे आणि मनाच्या आरोग्याविषयी मराठीत बोलणारे आपण त्याकडे क्वचितच वळतो. परक्या शब्दांसाठी मराठी प्रतिशब्द पाडत बसण्यात आपला वेळ जातो. सासुरवास, जिवाची तगमग, उमाळा, ओढ, काळजाला घरे पडणे, हे शब्द किती बारकाव्याचे आहेत आणि कुठे घासून धारदार झाले आहेत, हे या ओव्या ऐकल्यावर कळते.

त्या आवाजांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या एका म्हाताऱ्या गायिकेचा आवाज आहे, १९९६ च्या उन्हाळ्यातला. स्वतः घराला पारखी झालेली ही बाई सीतेच्या ओव्या म्हणते. रामाने टाकलेली सीता रानात रडते आहे, एवढ्या रानात कोण रडते आहे असा प्रश्न पडतो, आणि तिच्याजवळ सासर-माहेरचे कुणीच नाही. मग तिच्या बायका होतात बोरी आणि बाभळी. दोन्ही काटेरी, सावली विरळ, शेताच्या बांधावर कुणी न लावता उगवलेली झाडे. ती सीतेच्या भोवती उभी राहतात, तिचे ऐकून घेतात आणि तिची समजूत घालतात.